वयाची अट आणि पालकांची सूट

एखादा भीषण अपघात घडला की वाहनपरवान्याचे किमान वय वाढविण्याची मागणी हिरिरीने केली जाते आणि काही दिवसांनी ती विरून जाते. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दुचाकीस धडक देऊन एका तरुणाचा व एका तरुणीचा बळी घेतला. मोटार चालविणारा मुलगा अवघा 17 वर्षांचा होता, असे पोलिसांनी सांगितले. त्याला प्रथम मिळालेल्या जामिनातील 300 शब्दांच्या निबंधाची अट वाचून देशभर संताप उसळला आणि तो रास्तच होता. परंतु संतापाच्या भरात सुचणारा उपाय रास्त असतोच, असे नाही.

कारण या मुलापाशी परवाना नव्हता आणि त्या वयात तो मिळणेही शक्य नव्हते. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार परवान्याचे किमान वय 18 आहे. 50 घन सेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकीपुरतीच 16 व्या वर्षी मुभा आहे. ही मर्यादा 21 असती, तरी त्या पहाटे निराळे काय घडले असते? महाराष्ट्रात बिअरसाठीदेखील 21 वर्षांची अट आहे. तरीही या मुलास मद्य दिल्याच्या आरोपावरून मद्यगृहांच्या चालकांना अटक करावी लागली. जी अट कोणी पाळीत नाही, तिचा आकडा वाढविल्याने ती पाळली जाऊ लागत नाही.

वस्तुतः कायदा दुबळा नाही. 2019 च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. तो आपल्या नकळत घडला अथवा आपण योग्य खबरदारी घेतली होती, हे त्यानेच सिद्ध करावयाचे असते. तीन वर्षांपर्यंत कारावास, 25,000 रुपये दंड, वाहनाची नोंदणी 12 महिने रद्द आणि मुलास 25 व्या वर्षापर्यंत परवाना नाही, एवढी ही शिक्षा कठोर आहे. तथापि शिकवणीस उशीर होतो म्हणून मुलाच्या हाती गाडीची किल्ली देणारे पालक आपल्याच सुशिक्षित वर्गात आहेत. मुलाचे कौतुक आणि स्वतःची सोय यांपुढे त्यांना कायदा आठवत नाही.

उलट, मर्यादा वाढविल्यास त्याची झळ रीतसर परवाना काढून कामावर जाणाऱ्या 18 ते 20 वर्षांच्या तरुणांना बसेल. त्याऐवजी परवानाच टप्प्याटप्प्याने द्यावा. आज शिकाऊ परवान्यानंतर 30 दिवसांनी चाचणी देता येते आणि उत्तीर्ण होताच खाजगी मोटार मध्यरात्रीही मित्रांनी भरून नेण्याची मोकळीक मिळते. अमेरिकेतील अनेक राज्यांत नवशिक्या तरुणांवर रात्री वाहन चालविण्यास आणि समवयस्कांना सोबत नेण्यास काही काळ निर्बंध असतात. तसा नियम येथेही विचारात घेण्याजोगा आहे.

त्याआधी मात्र महाविद्यालयांच्या व शिकवण्यांच्या दाराशी तपासणी व्हावी, 2019 च्या तरतुदी श्रीमंत-गरीब न पाहता लागू कराव्यात आणि विद्यार्थ्यांना वेळेवर बस मिळावी. सरकारने एवढे करावे; घरातील किल्ली जपून ठेवण्याचे काम मात्र पालकांनाच करावे लागेल.