मोफत वाट की मोकळी वाट?



इयत्ता नववीच्या वर्गात नागरिकशास्त्राचा तास चालू असता एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, एखादी मोबाईल कंपनी काही ॲप आपल्याला फुकट वापरू देत असेल, तर सरकारने तिला का अडवावे? गरिबाला काही फुकट मिळाले तर त्यात वाईट काय?" प्रश्न सरळ मनाने विचारलेला होता व वर्गातील पुष्कळांच्या मनातलाच होता. मी उत्तर देऊ लागलो, इतक्यात घंटा झाली आणि विषय अर्धवट राहिला. तो येथे पुरा करावा असे मी योजिले आहे. कारण हा प्रश्न केवळ वर्गाचा नसून, ज्या ज्या घरी महिन्याचा रिचार्ज कसा भरावा ह्याची चिंता असते, त्या प्रत्येक घराचा आहे.

प्रथम ही व्यवस्था कशी चालते ते पाहू. आपण मोबाईलवर धडा पाहतो, पत्र पाठवितो किंवा गीत ऐकतो, तेव्हा तो सर्व मजकूर लहान लहान पुडक्यांत विभागून जात-येत असतो. ह्या पुडक्यांच्या एकंदर मापासच आपण व्यवहारात डेटा म्हणतो व तो जीबीत मोजतो. येथे दोन धंदे निरनिराळे आहेत, हे ध्यानात ठेवावे. मजकूर तयार करणारा एक, आणि तो आपल्या दारी आणून पोचविणारा दुसरा. मोबाईल कंपनी ही मुख्यतः पोचविणारी होय. तिने पुडक्याचे वजन पाहून दाम घ्यावा, हे योग्यच आहे. परंतु पुडके कोणाकडून आले व त्यात काय आहे हे पाहून, एकास पुढे सोडावे, दुसऱ्यास खोळंबून ठेवावे, किंवा एकाचे दाम माफ करून दुसऱ्याचे दुप्पट करावे, हे तिचे काम नव्हे. ह्याच तत्त्वाला अमेरिकेतील कायद्याचे प्राध्यापक टिम वू ह्यांनी २००३ साली नेट न्यूट्रॅलिटी असे नाव दिले. आपण त्यास वाटेची निःपक्षता म्हणू.

हे तत्त्व नवे आहे असे कोणी समजू नये. आपल्या टपालखात्याचा इतिहास पाहा. १८५४ पूर्वी आपल्या देशात पत्राचे हशील अंतरावर अवलंबून असे. जितके दूर पाठवावयाचे तितके अधिक पैसे. त्या वर्षी नवी व्यवस्था झाली आणि पाव तोळ्यापर्यंतचे पत्र देशात कोठेही अर्ध्या आण्यात जाऊ लागले. सावकाराचे पत्र असो की परगावी मजुरी करणाऱ्या मुलाने आईस लिहिलेले असो, अर्धा आणा तो अर्धा आणाच. टपालवाल्याने वजन करावे, पण लखोटा फोडू नये, हा नियम सर्वांच्या इतका अंगवळणी पडला की, त्यात काही विशेष आहे हेच आपण विसरलो. कोणी म्हणेल, टपालखात्याने वर्तमानपत्रांना हशिलात सवलत दिलीच होती. होय, दिली होती. परंतु ती वर्तमानपत्रांच्या सबंध वर्गाला होती. एका मालकाचे वर्तमानपत्र फुकट न्यावे आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे मात्र पैसे घ्यावे, असा तो प्रकार नव्हता. सवलत आणि पक्षपात ह्यांतील भेद हाच होय.

आता आपल्या देशात काय घडले ते थोडक्यात सांगतो. २०१४ च्या डिसेंबरात एअरटेल कंपनीने इंटरनेटवरून केलेल्या बोलण्यासाठी निराळा व अधिक आकार घेण्याचे जाहीर केले. लोकांनी ओरड केल्यावर तो बेत तिने सोडून दिला. पुढे २०१५ च्या एप्रिलात तिनेच दुसरी योजना काढली. तिच्यात जो ॲपवाला कंपनीस पैसे देईल त्याचे ॲप ग्राहकास फुकट, अशी तजवीज होती. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने काही निवडक संकेतस्थळे फुकट पाहू देण्याची योजना हिंदुस्थानात आणली होती. तिलाच पुढे फ्री बेसिक्स असे नाव मिळाले. ह्या सुमारास दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, ह्याने लोकांची मते मागविली, तेव्हा दहा लाखांहून अधिक ई-पत्रे त्याच्याकडे गेली. ती लिहिणारे बहुतेक तरुण व सामान्य लोक होते. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने असा नियम केला की, मजकूर पाहून डेट्याचे निरनिराळे दर लावता येणार नाहीत. नियम मोडणाऱ्या कंपनीस दररोज ५०,००० रुपये, एकूण ५० लाखांपर्यंत दंड ठरला. संकटकाळच्या सेवांपुरता अपवाद ठेविला. २०१८ च्या जुलैत सरकारने त्याच धोरणास पुढे नेऊन, मजकूर अडविणे, त्याचा वेग मुद्दाम मंद करणे किंवा एकास पुढे काढणे, ह्या सर्वांस मनाई करण्याच्या शिफारशी मान्य केल्या.

येथे माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. गरिबास काहीच न मिळण्यापेक्षा थोडे फुकट मिळाले तर बिघडले कोठे? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आमच्या मिशनांनीही ह्या देशात पुस्तिका व पत्रके फुकट वाटली, हे मला कसे विसरता येईल? पण त्याच मिशनांनी शाळा काढून मुलामुलींस अक्षरे शिकविली. आणि अक्षरे आली म्हणजे शिकलेला मनुष्य आमचेच पत्रक वाचील असे नाही, तो आमच्या विरुद्धचेही वाचू शकतो. तशी वाचणाऱ्यांची संख्या लहान नव्हती. विद्या दिली म्हणजे निवड करण्याचा अधिकारही दिला जातो. मात्र जेथे देणारा आपण निवडलेली दहा पुस्तके फुकट देतो आणि उरलेल्या ग्रंथालयाच्या दारावर पैसे घेण्यास मनुष्य बसवितो, तेथे गरिबाने काय वाचावे हे गरीब ठरवीत नाही, देणारा ठरवितो. श्रीमंताच्या मुलास सबंध ग्रंथालय आणि गरिबाच्या मुलास एक कपाट, असा हा दानधर्म होय.

दुसरी गोष्ट, फुकटाचा पैसा कोणी तरी भरीतच असतो. मोठी शिकवणी कंपनी आपले धडे फुकट पोचावेत म्हणून मोबाईल कंपनीस पैसे देऊ शकेल. आमच्यासारख्या शाळेतील शिक्षक फळ्यासमोर उभा राहून जो धडा चित्रित करतो, त्याचे पैसे कोण भरणार? मग त्या कंपनीचा धडा फुकट, आणि तुमच्या शाळेचा धडा मात्र मापात धरलेला, अशी स्थिती होईल. कोणता धडा चांगला ह्याचा निर्णय तेव्हा विद्यार्थी करणार नाही; थैली करील.

हे मी कल्पनेने बोलत नाही. २०२० साली शाळा बंद झाल्या व आमचे वर्ग मोबाईलवर भरू लागले, तेव्हाची एक गोष्ट मला अद्याप बोचते. एक हुशार मुलगी रोज माझ्या तासास येई व अर्ध्या तासातून नाहीशी होई. मी हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडीत गेलो व एकदा सर्वांसमक्ष तिला बोललोही. नंतर कळले की, त्या घरी तीन भावंडांत एकच मोबाईल होता; थोरल्या भावाचा वर्ग आधी असे, आणि माझा तास निम्मा होतो न होतो तोच त्या दिवसाचा डेटा संपून जाई. ती आळशी नव्हती. तिच्या वाट्याचे माप संपलेले असे. मी तिची क्षमा मागितली. परंतु त्या दिवसापासून दीड जीबी ह्या शब्दांचा अर्थ मला निराळा वाटू लागला.

मग डेट्याला मर्यादाच नसावी काय? असे मी म्हणणार नाही. मोबाईलचा डेटा ज्या लहरींवरून येतो त्यांचा पट्टा मर्यादित असतो, व एका टॉवरच्या टापूतील सर्वांनी तो वाटून घ्यावयाचा असतो. सायंकाळी सर्वांचाच वेग मंदावतो तो ह्याच कारणाने. तेव्हा अधिक घेणाऱ्याने अधिक दाम द्यावा, हे न्यायाचे आहे. परंतु रोजच्या मापाची जी चाल सध्या पडली आहे तीत न्याय कमी दिसतो. दाम आगाऊ घ्यावयाचे, आणि दिवसाचे उरलेले माप रात्री बारा वाजता बाद करावयाचे! गर्दी होते ती ठराविक तासांची. मध्यरात्री हिशेब पुसून टाकल्याने सायंकाळची गर्दी कमी होत नाही. उलट, वाया जाऊ नये म्हणून नको ते पाहत बसण्याची सवय मात्र मुलांस लागते. काही योजनांत उरलेला डेटा पुढे नेण्याची सोय असते. ती सर्वांस का मिळू नये, हे पालकांनी विचारले पाहिजे.

आता स्पर्धेविषयी. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ कंपनी बाजारात उतरली व तिने मार्च २०१७ अखेरपर्यंत डेटा फुकट दिला. त्यापूर्वी एका जीबीस सुमारे २५० रुपये पडत. थोड्याच काळात हा दर कोठल्या कोठे उतरला. विशेष हे की, ह्या फुकट डेट्यात अमुक पाहा व तमुक पाहू नका अशी निवड कंपनीकडून नव्हती. निवडक संकेतस्थळांच्या दानाने जे होणार होते असे सांगितले जाई, ते मोकळ्या वाटेवरील चढाओढीने अधिक चांगले झाले. तथापि नाण्याला दुसरी बाजू आहे. त्या वेळी दहाच्या आसपास असलेल्या कंपन्यांपैकी काहींचे दिवाळे निघाले, काही दुसऱ्यांत विलीन झाल्या. व्होडाफोन आणि आयडिया ह्या २०१८ साली एक झाल्या. आज खासगी अशा तीनच मोठ्या कंपन्या व त्यांच्या जोडीला सरकारी बीएसएनएल एवढेच मुख्यतः उरले आहे. पुढे डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ असे तीनदा दर चढले, व दर वेळी तिन्ही खासगी कंपन्यांनी ते थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने चढविले. चढाओढ ही शर्यतीसारखी आहे. पुष्कळ धावणारे असतात तोवर पाहणाऱ्यांचा लाभ, पण शर्यतीच्या शेवटी थोडेच उरतात. म्हणून चढाओढीवर सर्व भार टाकून स्वस्थ बसता येत नाही. नियम आणि चढाओढ, दोन्ही पाहिजेत.

आणि नियमही एकदा मिळाला म्हणजे कायमचा मिळाला असे नाही. अमेरिकेत २०१५ साली असा नियम झाला, २०१७ साली तो काढून टाकण्यात आला, २०२४ साली पुन्हा केला गेला, व जानेवारी २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने तो रद्द ठरविला. आपल्या इकडील नियम टिकविणे हे आपल्याच दक्षतेवर अवलंबून आहे.

पालकांस माझी विनंती आहे की, रिचार्ज करताना केवळ एकूण रक्कम पाहू नये. किती दिवस व किती जीबी ह्यांनी भागून दर काढावा. हे गणित आपल्या मुलाकडून करवून घ्यावे. त्रैराशिकाचा ह्याहून चांगला धडा नाही. सेवा वाईट मिळाली तर प्रथम कंपनीकडे तक्रार करून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. दाद न लागल्यास त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. २०११ सालापासून मोबाईल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय सबंध देशात आहे. २०२४ च्या दरवाढीत बीएसएनएलने दर वाढविले नाहीत, तेव्हा पुष्कळ ग्राहक तिकडे वळले. ग्राहक हलू शकतो हे कंपन्यांस दिसणे, हाच चढाओढीचा प्राण आहे.

आणि विद्यार्थ्यांनो, थैलीत एक जड व एक हलके अशी दोन वजने बाळगणाऱ्या व्यापाऱ्याचा आपल्या शास्त्रात कडक निषेध केलेला तुम्हांस ठाऊक आहे. वजन एकच असावे, मग गिऱ्हाईक कोणीही असो. ज्या मुलाने मला प्रश्न विचारला, त्यास माझे उत्तर हे आहे : मोफत वाटेपेक्षा मोकळी वाट गरिबाच्या अधिक हिताची आहे, कारण मोफत वाट तिच्या धन्याला पाहिजे तेथे नेते, आणि मोकळी वाट तुला जावयाचे असेल तेथे. ती स्वस्त व्हावी म्हणून झगडले पाहिजे, आणि ती मिळाली म्हणजे तिच्यावरून कोठे जावे, ह्याचा विचार मात्र तुझा तुलाच केला पाहिजे.