बाळंतिणीची अंधारी खोली

बाळंतिणीची खोली जितकी बंद तितकी ती सुरक्षित, अशी समजूत आमच्या पुष्कळ घरांत अद्यापि आहे. वाऱ्यापासून जपावें, हें खरें. परंतु वाऱ्याबरोबर सूर्यासही दाराबाहेर ठेवणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

१९२२ सालीं हचिसन व शहा यांनीं नाशिककडील पाहणी प्रसिद्ध केली. मुडदूस हा हाडांचा रोग त्यांस उन्हांत राबणाऱ्या गरिबांच्या घरीं नव्हे, तर खाऊनपिऊन सुखी अशा पडदानशीन घरांत आढळला. अन्नाची ददात नव्हती. ऊन मात्र नव्हतें.

कातडीवर ऊन पडलें म्हणजे शरीर 'ड' जीवनसत्त्व स्वतः तयार करितें. खिडकीच्या कांचेंतून आलेलें ऊन या कामीं निरुपयोगी! अर्भकास जन्मतः जो सांठा मिळतो तो मातेकडूनच. ती रिती तर तेंही रितें, आणि अंगावरच्या दुधांत हें सत्त्व अत्यल्प असतें. शरीरांतील रक्षक पेशी याच्याच साह्यानें जंतुनाशक द्रव्य निर्माण करितात, हें २००६ सालीं क्षयजंतूंवरील प्रयोगांत दिसून आलें. तान्ह्यांचीं छातीचीं दुखणीं व ही उणीव यांचा संबंध अनेक ठिकाणीं आढळला आहे. मात्र उणीव भरली कीं दुखणें टळलेंच, असें सर्व प्रयोग सांगत नाहींत. लस चुकवून कोणी उन्हावर विसंबूं नये.

तान्ह्यास वर्षभर रोज ४०० एककांचे थेंब द्यावे, असें बालरोगतज्ज्ञ सांगतात. पालकांनीं डॉक्टरांस विचारून ते द्यावे. आणि गरोदर सुनेस रोज घटकाभर अंगणांत किंवा गच्चीवर बसूं द्यावें. ही ओळ विद्यार्थ्यांनीं आजीबाईंस मोठ्यानें वाचून दाखवावी.