बंदुकीची भीती आणि कुलूपबंद गेट



काही दिवसांपूर्वी दिग्रसमधल्या एका महाविद्यालयात ‘आपत्कालीन सुरक्षा’ या विषयावर तासाभराचा कार्यक्रम झाला. आम्ही चार-पाच कार्यकर्ते मागच्या बाकांवर जाऊन बसलो. पडद्यावर सगळी अमेरिका. कॉलेजात बंदूकधारी शिरला तर काय कराल? पळा, लपा, आणि काहीच उरले नाही तर लढा. हे तीन शब्द ह्यूस्टन शहराने 2012 मध्ये एका व्हिडिओतून जगभर पोचवले. वक्त्याने ते तीनदा म्हणवून घेतले, टाळ्या झाल्या, चहा झाला, फोटो झाला. आम्ही मागच्या जिन्याने उतरायला गेलो तर चॅनेल गेटला कुलूप. आमच्यासोबतच्या एका पोट्टीने चौकीदाराला विचारले, “काका, हे गेट काऊन बंद हाय?” तो बिचारा म्हणाला, “पोट्टे तास सोडून पळतात बाप्पा, म्हणून लावायले सांगतलं.” चावी कुठे? कार्यालयात. कार्यालयात कोणाकडे? बाबूकडे. बाबू कुठे? जेवायला.

तासभर पळायला शिकवले, आणि पळायची वाट कुलपात!

परतताना आमचेच एक मित्र म्हणाले, “हे अमेरिकेचे चोचले आहेत. आपल्या पोरांना शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, होस्टेलला जागा मिळत नाही, आणि हे गोळीबाराच्या गोष्टी सांगतात.” टाळी घेणारे वाक्य आहे. पण आम्हाला ते मान्य नाही, आणि हा लेख आधी आपल्याच माणसांशी भांडण्यासाठी आहे. संस्थाचालकांचा समाचार नंतर घेऊच.

यवतमाळ फार दूर नाही. 10 नोव्हेंबर 2021 च्या रात्री तिथल्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात एमबीबीएसच्या एका विद्यार्थ्याला चाकूने भोसकून मारले गेले. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, डॉक्टरांनी काम बंद केले, सुरक्षेची आश्वासने मिळाली. जानेवारी 2023 मध्ये त्याच रुग्णालयात एका रुग्णाने निवासी डॉक्टरांवर चाकू चालवला. पुन्हा आंदोलन, पुन्हा आश्वासन. त्याआधी 3 फेब्रुवारी 2020 ला हिंगणघाटच्या नंदोरी चौकात कॉलेजला निघालेल्या एका प्राध्यापिकेला पेट्रोल टाकून पेटवले. सात दिवस ती लढली आणि 10 फेब्रुवारीला गेली. आरोपी अनोळखी नव्हता. तो आधीपासून तिच्या मागे लागला होता.

आपल्या भागात हल्लेखोर असा येतो. हातात चाकू असतो, पेट्रोलची बाटली असते, कधी लाठ्याकाठ्या घेतलेली झुंड असते. उद्या देशी कट्टा असणार नाही याची हमी कोण देतो? हत्यार बदलले तरी पहिल्या पाच मिनिटांतला प्रश्न तोच राहतो. बातमी किती लवकर पोचते, दार कुठून उघडते, आतून बंद होते का, आणि रक्त वाहणाऱ्या माणसाजवळ बसायला कोणाला येते? त्यात शासकीय आणि विनाअनुदानित कॉलेजांत, गळक्या वसतिगृहांत, तालुक्याच्या ठिकाणी शिकणारी पोरे कोणाची आहेत? आपलीच. म्हणून हा विषय ‘त्यांचा’ म्हणून सोडून देता येत नाही.

आणि यातले धडे घ्यायला अमेरिकेला जायची गरजही नाही. 26 नोव्हेंबर 2008 ला छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला तेव्हा रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या केबिनमध्ये होते. त्यांनी माईक सोडला नाही. त्या बाजूला येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा, असे ते सांगत राहिले, केबिनवर गोळ्या आल्या तरी. किती जीव त्या आवाजाने वाचले त्याची मोजणी होऊ शकत नाही. त्याच रात्री कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी आपल्या वॉर्डातल्या 20 गरोदर बायांना वॉर्डाच्या टोकाच्या पॅन्ट्रीत हलवले, दिवे मालवले, दारे लावली. बंदूक या दोघांपैकी कोणाकडेच नव्हती. एकाकडे चालू असलेला माईक होता, दुसरीकडे आतून बंद होणारे दार होते, आणि दोघांनाही आपली इमारत पाठ होती. आता आपल्या कॉलेजातला लाउडस्पीकर आठवा. 26 जानेवारीला तो धुळीतून काढतात, आणि तेव्हाही तो आधी शिट्टी मारतो.

माईक असून वापरला नाही तर काय होते, तेही पाहा. 16 एप्रिल 2007 ला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात सकाळी सव्वासातच्या सुमारास दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. विद्यापीठाने सगळ्यांना ईमेल पाठवला तो 9 वाजून 26 मिनिटांनी. तोवर वर्ग भरले होते. त्यानंतर काही मिनिटांतच त्याच हल्लेखोराने नॉरिस हॉल या इमारतीच्या दारांना आतून साखळ्या लावल्या आणि वर्गावर्गांत शिरला. एकूण 32 जण मारले गेले, त्यात मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही होती. तिथे दारांना साखळ्या मारेकऱ्याने लावल्या. आपल्याकडे ते काम संस्था स्वतः करते, दररोज, हजेरीच्या नावाखाली. मुलींच्या वसतिगृहांना तर रात्री बाहेरून कुलूप घालतात आणि त्याला सुरक्षा म्हणतात! भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 च्या पहाटे 10 नवजात बाळे आगीत आणि धुरात गेली. आगही कुलूप पाहून थांबत नसते.

आता संस्थाचालक आणि सरकार यांच्याकडे वळू. सुरक्षा म्हटले की यांच्या डोक्यात काय येते? विद्यापीठ अनुदान आयोगाने 2015 मध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात उंच भिंत आहे, काटेरी तार आहे, सीसीटीव्ही आहे, बायोमेट्रिक हजेरी आहे, आवारात पोलीस ठाणे असावे असेही आहे. कॉलेज की कारागृह? विद्यार्थी हा वाचवायचा माणूस आहे की पाळत ठेवायचा, याचा निर्णय आधी करा. कॅमेऱ्याने कोणाचा जीव वाचत नाही. नंतर चॅनलवाल्यांना चित्रफीत मिळते, इतकेच.

राहिला पोलीस ठाण्याचा आणि बंदुकीचा मुद्दा. बंदूकधारी आला की बंदूकवालाच वाचवेल, असे सांगतात. 24 मे 2022 ला अमेरिकेतल्या उवाल्डे गावच्या शाळेत 376 सशस्त्र कर्मचारी जमा झाले होते. हल्लेखोराला गाठायला त्यांनी 77 मिनिटे लावली. आत 19 मुले आणि 2 शिक्षिका मेल्या. 5 जानेवारी 2020 ला जेएनयूला भिंत होती, गेट होते, रक्षक होते, बाहेर पोलीस होते. तरी तोंडे झाकलेली झुंड लोखंडी सळ्या घेऊन होस्टेलांत फिरली. आणि 11 जुलै 1997 आम्ही कसा विसरू? घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक संतापून रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या चालवल्या. 10 माणसे गेली. ज्या समाजाने सरकारी बंदुकीची नळी आपल्या छातीसमोर पाहिली, त्याला कॉलेजच्या गेटवर बंदूक उभी करून सुरक्षित वाटेल, ही अपेक्षा कोण करतो?

शिवाय ‘संशयास्पद इसम’ म्हणजे कोण? गेटवरच्या फलकावर हे शब्द लिहिले की पहिली झडती कोणाची होणार हे आम्हाला ठाऊक आहे. पारधी बेड्यावरून आलेल्या पोराची, दाढीवाल्या मुस्लीम पोराची, निळा गमछा घातलेल्या आमच्या पोराची. 1871 च्या कायद्याने आख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये गेला, नजर गेली नाही. आणि गेटवर झडती घेणारा तो कंत्राटी रक्षक तरी कोण असतो? आपलाच बेरोजगार भाऊ. बारा तासांची पाळी, तुटपुंजा पगार, प्रशिक्षण शून्य, हातात शिट्टी. हल्ला झाला तर पहिला तोच मरणार आहे. कामा रुग्णालयात दोन रक्षक असेच मारले गेले. त्यांच्यासाठी किती मेणबत्त्या लागल्या?

खरी तयारी हल्ल्याच्या कितीतरी आधी सुरू होते. अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसने 2002 मध्ये शाळांवरच्या 37 हल्ल्यांचा अभ्यास मांडला. त्यातल्या 81 टक्के घटनांत हल्लेखोराच्या मनात काय चालले आहे हे किमान एकाला तरी आधी कळले होते. कळले होते, पण योग्य माणसापर्यंत पोचले नाही. आता आपल्याकडे या. मुलीच्या मागे कोणी लागले आहे, तिने सांगायचे कोणाला? 2013 च्या कायद्याने अंतर्गत समिती सक्तीची केली. जातीवरून छळ होतो, सांगायचे कोणाला? आयोगाच्या 2012 च्या विनियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले. कागदावर नेमले असतील. रोहित वेमुला गेला 17 जानेवारी 2016 ला, डॉ. पायल तडवी गेली 22 मे 2019 ला. पायलच्या घरच्यांनी आधी तक्रार केल्याचे सांगितले होते. राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आयांना 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. तक्रार ऐकून घेणारा कानच नसलेल्या कॉलेजात पोराने मित्राच्या खिशातला चाकू पाहिला तरी तो प्राचार्यांकडे जाईल का? बोलला तर आपलेच नाव रजिस्टरात चढेल, हे तो शिकलेला असतो. ‘बंदूकधारी आल्यास’ शिकवणाऱ्यांनी आधी हे शिकवावे.

म्हणून दिग्रसच्या, दारव्ह्याच्या, आर्णीच्या, पुसदच्या पोरांना आमचे सांगणे आहे की निवेदन घेऊन जाल तेव्हा भिंत आणि कॅमेरा मागू नका. मागच्या जिन्याचे गेट शिकवणीच्या वेळात उघडे मागा. वर्गाच्या दारांना आतून कडी मागा. कितीतरी वर्गांना ती फक्त बाहेरून आहे, जाऊन पाहा. प्रत्येक मजल्यावर ऐकू येईल असा भोंगा मागा, आणि तो वाजवायला प्राचार्यांच्या परवानगीची वाट पाहायची नाही असा लेखी नियम मागा, कारण पहिला धोका शिपायालाच दिसणार आहे. होस्टेल ते एसटी स्टँड रस्त्यावर दिवे मागा. अंध, अपंग मित्राला जिन्यावरून कोण उतरवणार त्याचे नाव आधी ठरवून घ्या. 112 आणि 108 सगळ्यांना पाठ आहे, पण गंभीर जखमीला ग्रामीण रुग्णालयातून दारव्हामार्गे यवतमाळ गाठायचे असते. तोवर जखमेवर कापड दाबून धरायचे आणि मदत येईपर्यंत हात काढायचा नाही, हे दहा पोरांना तरी आलेच पाहिजे. ते शिकवायला ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरला बोलवा. पडद्यावाल्या वक्त्याच्या मानधनापेक्षा स्वस्त पडेल.

आणि सराव कराल तेव्हा खोटे पिस्तूल, आरडाओरडा, लाल रंग असला तमाशा करू देऊ नका. ज्या पोराच्या घरावर गावात दगड पडलेत, त्याला दचकवून काही शिकवता येत नाही. दिवस आधी सांगून, शांतपणे, दार ते मैदान चालत जा आणि वेळ मोजा.

यातले बरेच काम आपल्याला येतेच. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर लाखोंच्या गर्दीत म्हातारीला हात देऊन बाहेर काढणारे समता सैनिक दलाचे पोरे-पोरी याच तालुक्यातून जातात. तिथली शिस्त कॉलेजच्या जिन्यावर आणायची आहे.

त्या कार्यक्रमानंतर आम्ही प्राचार्यांना एका पानाचे निवेदन दिले. मागणी एकच, गेट उघडा. उत्तर आले, की विषय व्यवस्थापन समितीपुढे ठेवू. सोमवारी पुन्हा जाणार आहोत. ज्यांना यायचे त्यांनी अकरा वाजता एसटी स्टँडवर भेटा. बाबू जेवायला जायच्या आत पोचायचे आहे.