वादळाचा इशारा वस्तीच्या दारातच का थांबतो?

एप्रिल-मे उजाडला की अरबी समुद्रावर नजर ठेवण्याचा हंगाम सुरू होतो. अमेरिकेत ज्याला हरिकेन म्हणतात, तेच आपल्याकडचे चक्रीवादळ. तिकडे अटलांटिकचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो. आपल्याकडे वर्षाला दोन हंगाम असतात, एक पावसाळ्याआधीचा आणि दुसरा पावसाळ्यानंतरचा. समुद्रात वादळ तयार होण्याची शक्यता अल्प आहे, मध्यम आहे की जास्त, याचा पुढील दोन आठवड्यांचा अंदाज भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी जाहीर करतो. तो कुणालाही वाचता येतो. पण घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या झोपडपट्टीतील माणसाने तो वाचला, तरी त्याने पुढे करायचे काय? आमच्या मते खरा प्रश्न हा आहे.

वादळाचे शास्त्र अवघड नाही. समुद्राचे पाणी साधारण साडेसव्वीस अंशांहून अधिक तापलेले असावे लागते आणि खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांत फार तफावत नसावी लागते. भर पावसाळ्यात ही तफावत मोठी असते, म्हणून तेव्हा अरबी समुद्रात सहसा मोठी वादळे होत नाहीत. मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती होतात. अलीकडच्या दशकांत अरबी समुद्र अधिक तापला आहे आणि तेथील वादळांचे प्रमाणही वाढले आहे, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे.

तरीही मुंबईला वादळ शिवत नाही, असा गोड समज अजून आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. मुंबई थोडक्यात वाचली. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' मुंबईच्या पश्चिमेकडून गुजरातकडे गेले. मुंबईवर न आदळताही त्याने सांताक्रूझला एका दिवसात दोनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पाडला. जून २०२३ मध्ये 'बिपरजॉय' दूर समुद्रात असताना खवळलेल्या पाण्याने जुहूला चार मुलांचा बळी घेतला. २०२५ च्या मे महिन्यात कोकण किनाऱ्याजवळ कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला आणि २६ मे रोजीच मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. इतक्या लवकर तो आल्याची नोंद नव्हती. नालेसफाईसाठी पालिकेने ठरवलेल्या मुदतीची वाट आभाळ पाहत नाही!

आता 'तौक्ते'चीच गोष्ट नीट पाहू. वादळ येण्यापूर्वी महापालिकेने दहिसर, मुलुंड आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील जम्बो कोविड केंद्रांतून ५८० रुग्ण इतर रुग्णालयांत हलवले. महामारीच्या धामधुमीत, रुग्णवाहिकांची टंचाई असताना हे काम झाले. त्याबद्दल त्या कर्मचाऱ्यांचे कौतुकच केले पाहिजे. पण त्याच वादळात, इशारा असूनही, ओएनजीसीच्या कामावरचे कंत्राटी कामगार बॉम्बे हायजवळ समुद्रातच राहिले. पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ जण होते. या दुर्घटनेत सत्तरहून अधिक कामगारांना जलसमाधी मिळाली. अंदाज चुकला नव्हता. माणसे परत आणण्याचा निर्णय चुकला होता.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, १८ जुलैच्या पहाटे, मुसळधार पावसात चेंबूरच्या भारतनगरमध्ये आणि विक्रोळीच्या सूर्यानगरमध्ये घरे कोसळून तीसच्या आसपास माणसे गेली. ते वादळ नव्हते, मोसमी पाऊस होता. कोणत्या रात्री किती पाऊस पडेल, हे आजही नेमके सांगता येत नाही. पण कोणता उतार धोक्याचा आहे, हे सरकारदरबारी वर्षानुवर्षे ठाऊक आहे. घाटकोपरच्या आझादनगरात जुलै २००० मध्ये दरड कोसळून साठहून अधिक जीव गेले. मालाडच्या पिंपरीपाड्यात जुलै २०१९ मध्ये भिंत पडली. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगरात वळवाच्या सोसाट्याच्या वाऱ्याने जाहिरातीचा महाकाय फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जण ठार झाले. चाळीस बाय चाळीस फुटांची मर्यादा असताना तो त्याहून कितीतरी मोठा होता. तो त्या दिवशी एकाएकी वाढला नव्हता. ज्यांनी पाहायला हवे होते, त्यांनी डोळे मिटले होते.

इशारा आला की प्रशासन सांगते, घरातच थांबा. ज्याचे घर सिमेंटच्या स्लॅबचे आहे, त्याला हा सल्ला ठीक आहे. ज्याच्या डोक्यावर पत्रा आणि पाठीशी डोंगर आहे, त्याला घरात थांबा म्हणणे म्हणजे काय? डोंगरउतारावरील रहिवाशांना पावसाळ्याआधी नोटीस बजावली जाते की घरे रिकामी करा. कुठे जायचे, हे कोण सांगणार? पर्यायी निवारा न देता बजावलेली नोटीस अधिकाऱ्याचा बचाव करते, माणसाचा नव्हे. २००५ च्या ऑगस्टमध्ये, आपल्या २६ जुलैनंतर महिनाभरानेच, अमेरिकेत कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवले. तेथेही शहर सोडा असा आदेश निघाला होता. ज्यांच्याकडे गाडी होती ते गेले. मागे राहिले ते मुख्यतः गरीब, आणि त्यांत बहुसंख्य काळे.

याच्या उलट ओडिशा पाहा. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ च्या 'फायलिन'मध्ये जवळपास दहा लाख लोकांना आधीच हलवले गेले आणि मृतांची संख्या काही दहांवर राहिली. निवारे बांधले, रस्ते ठरवले, गावोगावी तरुण तयार केले, म्हणून हे घडले. याच ओडिशात, कटक येथे, ८ नोव्हेंबर १९४५ रोजी नद्यांच्या विकासासाठी भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान तेव्हाचे मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भूषवले होते. महापूर हा दैवाचा कोप नसून नियोजनाचा प्रश्न आहे, ही दृष्टी त्यांनी दिली. आपत्तीत गरीब मेला की 'निसर्गाचा कोप' म्हणून हात झटकणारे ती दृष्टी विसरले आहेत.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक धोकादायक वस्तीसाठी पालिकेची कोणती शाळा उघडणार, तिची किल्ली कुणाकडे असणार आणि इशारा येताच बस कुठे उभी राहणार, हे वॉर्ड ऑफिसने मे महिन्याआधी वस्तीत लेखी लावावे. बुडालेल्या दिवसाची मजुरी द्यावी. रोजंदारीवरचा माणूस त्याशिवाय घर सोडणार नाही. आणि कायमचे पुनर्वसन त्याच परिसरात करावे.

मागणीबरोबर कामही आपलेच आहे. विहारातील तरुणांनी दर गुरुवारचा अंदाज फलकावर मराठीत लिहावा. एकटे वृद्ध, आजारी, गरोदर बाया यांची यादी करावी. पालिकेचा १९१६ हा क्रमांक घराघरात पोहोचवावा. आणि वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारावे, किल्ली कुणाकडे आहे? वादळ अडवणे कुणाच्या हातात नाही. हा प्रश्न मात्र ते येण्याआधी विचारणे आपल्या हातात आहे.