कांडीतला वळू आणि दारातली गाय

गावचा वळू आता बहुतेक ठिकाणी दिसेनासा झाला आहे. गाय माजावर आली की डॉक्टर थंड पात्र घेऊन येतात आणि एका बारीक कांडीने काम होते. ही सोय लहान नव्हे. १९४९ साली इंग्लंडात पोल्ज, स्मिथ व पार्क्स या शास्त्रज्ञांना कोंबड्याच्या वीर्यावर प्रयोग करताना आढळले की, त्यात ग्लिसरीन मिसळल्यास ते गोठवूनही जिवंत राहते. आज वळूचे वीर्य द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवतात. ते टिकते तरी किती? ऑस्ट्रेलियात १९६८ साली गोठवलेले मेरिनो मेंढ्याचे वीर्य पन्नास वर्षांनी ५६ मेंढ्यांना दिले, तेव्हा ३४ गाभण राहिल्या.

रानटी जनावरांनाही याचा आधार झाला आहे. अमेरिकेत मुंगसासारखा दिसणारा काळ्या पायांचा फेरेट १९८७ पर्यंत अवघा १८ वर आला होता. ते पकडून वाढवले आणि पुढे वीस वर्षे गोठवून ठेवलेल्या वीर्यापासूनही पिले झाली. आपल्याकडे हैदराबादला २०१८ साली वन्य प्राण्यांसाठी अशी पेढी सुरू झाली.

ही विद्या देवाची देणगीच, असे आम्ही मानतो. पण पात्रात जे ठेवावे तेच राहते. जास्त दुधासाठी जर्सी किंवा होल्स्टीनची कांडी घेण्यात पाप नाही. तथापि आपण सगळेच तीच मागत गेलो, तर खिलार आणि काळ्या जमिनीत नांगर ओढणारी कृष्णाकाठची जात यांचे काय होणार? ज्या जातीला मागणी नाही, तिची कांडी कोण आणील?

म्हणून आमची सूचना अशी. दारात चांगली देशी गाय असेल, तर तिला तिच्याच जातीची कांडी मागा. कांडीवरील वळूचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. त्याच वळूची कांडी पुढे त्याच्या कालवडीला देऊ नका. सकाळी माज दिसला, तर संध्याकाळी रेतन करून घ्या.

फेरेट १८ उरल्यावर माणसे जागी झाली. नोहाने मात्र तारवात जोड्या घेतल्या, त्या पूर येण्यापूर्वी. आपणही वेळेवर जागे होऊ या.