निवेदकाचे यश कशात आहे?

अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत निवर्तले, तेव्हा त्यांच्या आवाजाचा सर्वत्र मुक्तकंठाने गौरव झाला. तो रास्तच होता. परंतु त्यातून एक जुना गैरसमज दृढ झाला. संगीताच्या कार्यक्रमाचा निवेदक यशस्वी होतो तो आवाजाच्या देणगीमुळे, असे आपण मानून चाललो आहोत. खासगी एफएम केंद्रांवर आज दिवसभर बोलणाऱ्या निवेदकांपैकी पुष्कळांचे आवाज उत्तम आहेत, वाणीही चपळ आहे. तरीही त्यांपैकी किती जण कार्यक्रम संपल्यावर स्मरणात उरतात?

सयानींच्या मातोश्री कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचे पाक्षिक चालवीत. त्याची भाषा सोपी हिंदुस्थानी, आणि मजकूर देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत छापला जाई. नुकताच अक्षरे जुळवू लागलेला वाचक कोणत्या शब्दापाशी अडखळेल, याचा विचार तेथे सतत करावा लागत असणार. त्या कामात मुलाचाही हातभार असे. प्रारंभी इंग्रजीत निवेदन करणाऱ्या या तरुणाने पुढे जी सुबोध आणि तरीही अदबशीर भाषा घडविली, तिचे मूळ या घरगुती छापील कामात आहे. आवाज नंतरचा, आधी समोरच्या माणसाची काळजी.

१९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या अभिजात संगीताच्या आग्रहापायी चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. (हेतू शुद्ध होता, परिणाम एवढाच झाला, की श्रोत्यांनी काटा फिरवून सिलोन लावले.) त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली, ती याच ओढीपायी. झुमरीतलैया या अभ्रकाच्या खाणींच्या गावातून फर्माइशीच्या पत्रांचा जो पाऊस पडे, त्यामागेही केवळ गाण्याची भूक नव्हती. आपले नाव, आपल्या गावाचे नाव कोणीतरी आदराने उच्चारील, ही आस त्यात होती. आपल्याकडे 'आपली आवड' ऐकताना घरोघर हाच अनुभव येई.

आज गाणे दुर्मीळ राहिलेले नाही. खिशातल्या फोनवर हवे ते गीत हव्या त्या क्षणी ऐकता येते. मग निवेदक हवा कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. वस्तुतः त्याची गरज आजच अधिक आहे. गाण्यांच्या या महापुरात हेच गाणे का ऐकावे, ते कोणी लिहिले, त्याची चाल कोणत्या मुशीतून निघाली, हे सांगणारा जाणता सोबती यंत्राला होता येत नाही. त्यासाठी निवेदकाने स्वतः गाणे ऐकलेले असावे लागते.

प्रत्यक्षात काय ऐकू येते? मोजकीच गाणी दिवसभर आलटून पालटून फिरत राहतात. वाद्यवृंदाच्या सुरावटीवर निवेदकाची बडबड चढते, दुसरा अंतरा सुरू होण्यापूर्वीच जाहिरात येते. गीतकार व संगीतकार यांची नावे विविध भारतीवर अजूनही आवर्जून सांगितली जातात. अन्यत्र ती सांगण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात. आणि अनोळखी माणसाला फोन करून त्याची फजिती ऐकविण्याचा जो प्रकार लोकप्रिय झाला, त्याविषयी काय बोलावे! एकेकाळी श्रोत्याचे नाव घेतले जाई ते त्याच्या आवडीसाठी. आता तो कार्यक्रमात येतो, तो हसे होण्यासाठी. असल्या निवेदकाला घटकाभर श्रोते मिळतील, पण त्याचे ठरलेले श्रोते तयार होणार नाहीत.

दोष एकट्या निवेदकांचा नाही, हे मान्य केले पाहिजे. कोणते गाणे लावायचे हे ठरविण्याचा अधिकार त्यांच्यापैकी अनेकांना नसतो आणि दोन जाहिरातींमधल्या मोजक्या सेकंदांत त्यांना बोलणे उरकावे लागते. धंदा म्हटला की हे आलेच, असे केंद्रचालक सांगतात. परंतु 'गीतमाला' हाही धंदाच होता. 'बिनाका' हे एका टूथपेस्टचे नाव होते.