आठाच्या आकड्यापलीकडची परीक्षा

मोपाच्या विमानतळावरून जानेवारी 2023 मध्ये विमाने उडू लागली, आणि तेव्हापासून पेडणे तालुक्यातील रस्त्यांची जातच बदलली. तुयेहून पार्से, आगरवाडा, चोपडे असा शिवोलीच्या पुलाकडे जाणारा रस्ता मुळात गावकीचा. आज त्यावर तुयेच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार, मोरजी-मांद्रेच्या किनाऱ्याकडे धावणारे पर्यटक, भाड्याच्या दुचाक्या, मालाचे ट्रक आणि शाळकरी मुले एकाच वेळी असतात. रस्ता रुंद करा, अशी मागणी होते. ती गैर नव्हे. परंतु या रस्त्यावर उतरणाऱ्याला वाहन चालवता येते की नाही, हे सरकार कसे ठरवते, याकडे फारसे कोणी पाहत नाही.

1988 चा मोटार वाहन कायदा आणि त्याखालील 1989 चे केंद्रीय नियम वाचले, तर आपल्याकडे काही उणे आहे असे वाटणार नाही. शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा. तो मिळाल्यावर तीस दिवस लोटल्याखेरीज पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. शिकणाऱ्याच्या सोबत परवानाधारक मनुष्य हवा, आणि तोही वाहन आवरता येईल अशा जागी बसलेला. वाहनाच्या पुढेमागे पांढऱ्यावर तांबडे ‘एल’ अक्षर हवे. दुचाकी शिकणाऱ्याने तर शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवायचे नाही. हा शेवटचा नियम आमच्या किती वाचकांना ठाऊक असेल, याची शंकाच आहे. दोघा दोस्तांना मागे घेऊन दुचाकी ‘शिकणारे’ वीर मात्र सर्वांनी पाहिले आहेत.

मुख्य दोष आहे तो त्या तीस दिवसांत. शिकवणी शाळेत न जाता दुचाकी किंवा मोटार शिकणाऱ्या उमेदवाराने या काळात किती तास वाहन चालवले, कोणाच्या देखरेखीखाली चालवले, याची नोंद कोणी ठेवत नाही. महिनाभर तो घरी बसून राहिला तरी कायद्याच्या लेखी त्याची उमेदवारी पुरी होते. मग परीक्षा. नियमांतील यादी लांबलचक आहे : आरशात पाहून वळणे, सुरक्षितपणे ओलांडणे आणि ओलांडू देणे, पादचाऱ्यांसाठी थांबणे, संकटसमयी वाहन तात्काळ रोखणे. दुचाकीस्वाराची परीक्षा प्रत्यक्षात बहुधा मोकळ्या जागेत आठाचा आकडा काढण्यावर संपते. पाय न टेकता आठ काढणे म्हणजे तोल सांभाळणे. सर्कशीत त्या गुणाचे मोल मोठे. तुये-पार्स्याच्या वळणावर मात्र समोरून न दिसणारे वाहन येईल हे आधी ओळखावे लागते. रात्री रस्त्यावर बसलेली गुरे आणि आषाढाच्या पावसात लांबणारे ब्रेक यांचा हिशेब मनात ठेवावा लागतो. त्याची परीक्षा कोण घेतो? 2022 साली देशात 1,68,491 माणसे रस्त्यांवर मेली. एवढ्याशा गोव्यात 2022 आणि 2023 या दोन्ही वर्षी अडीचशेहून अधिक बळी गेले आणि त्यांत दुचाकीस्वारांचाच भरणा होता.

सुधारणा झाल्याच नाहीत असे नव्हे. आधारच्या ओळखीवर शिकाऊ परवान्याचे काम घरबसल्या करण्याची मुभा केंद्राने 2021 मध्ये दिली. शेजारच्या महाराष्ट्रात त्याच जूनपासून परीक्षाही घरून देता येऊ लागली. हेलपाटे वाचले, पण संगणकापुढे उत्तरे कोण देतो, हे कोणी पाहायचे? ही परीक्षा तालुक्याच्या ठिकाणी, समक्ष आणि मराठी-कोंकणीतून व्हावी. त्याच वर्षी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले. तेथे हलक्या मोटारीसाठी 29 तासांचा अभ्यासक्रम, त्यांतील 21 तास प्रत्यक्ष चालवण्याचे. तो पुरा करणाऱ्यास सरकारी परीक्षा माफ! शिक्षण स्वागतार्ह आहे, माफी आम्हांस मान्य नाही. शुल्क भरलेल्या शिष्याला नापास करण्याची बुद्धी कोणत्या केंद्राला होणार?

न्यूझीलंडने 1987 साली परवाना तीन पायऱ्यांचा केला : शिकाऊ, बंधनाचा आणि पूर्ण. मधल्या पायरीवरील चालकाला अनुभवी माणूस सोबत असल्याखेरीज रात्री उशिरा वाहन नेता येत नाही. मित्रमंडळ भरून नेण्यासही मनाई. आपल्याकडे परीक्षेच्या आदल्या दिवशी ज्याला एकट्याने मोटार चालवण्यास मनाई असते, तोच परवाना मिळताच मध्यरात्री चौघांना घेऊन भर वेगात जाऊ शकतो. मधली पायरीच नाही.

आणखी एक विसंगती. कायदा सोळा वर्षांच्या मुलाला 50 घनसेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकीचा परवाना देऊ करतो. ती पेट्रोलची दुचाकी आज बाजारात जवळजवळ मिळतच नाही. म्हणून मुले बापाची मोठी स्कूटर नेतात. 2019 च्या दुरुस्तीने अशा पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. शिक्षा योग्यच, पण अकरावी-बारावीसाठी पेडणे-म्हापशास जाणाऱ्या मुलांना वेळेवर कदंबची बस मिळाली नाही, तर त्या शिक्षेचा धाक किती दिवस टिकेल?

नियम कडक केले की दलालाचा भाव वाढतो, हा आक्षेप खरा आहे. रोजंदारीवरच्या माणसाची मजुरी बुडते, हेही खरे. म्हणून परीक्षेचे चित्रीकरण व्हावे, नापासाचे कारण लेखी मिळावे, परीक्षक ठरावीक काळाने बदलावेत आणि महिन्यातून काही रविवारी परीक्षा घ्याव्यात. मधल्या पायरीसाठी दिल्लीने नियम बदलले पाहिजेत; गोवा सरकारने तशी मागणी लेखी करावी. परंतु नियमांत आहे तीच संपूर्ण परीक्षा घ्यायला दिल्लीची परवानगी लागत नाही. वाहतूक खात्याने पेडण्यापासून आरंभ करावा : उमेदवाराला आठ काढायला लावल्यावर परीक्षकाने दुसऱ्या वाहनातून त्याच्यामागे खऱ्या रस्त्यावर जावे, आणि पाऊस पडत असेल तर त्या दिवशीची परीक्षा पुढे ढकलू नये.